गोधडी तुमची, ग्रिड आमची

हिवाळा तोंडावर आला की अमेरिकेत सरकारी सूचना निघतात. जादा पांघरुणं काढून ठेवा, टॉर्चचे सेल बघून घ्या, पिण्याचं पाणी भरा, नळ ठिबकता ठेवा म्हणजे पाइप फुटणार नाहीत. सूचना चोख असतात. आम्ही काय करून ठेवलंय, एवढंच त्यांत नसतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या जनतेनं या सूचना पाळल्याही असतील. डॅलसचा पारा उणे 19 अंश सेल्सियसच्या आसपास गेला आणि 45 लाखांहून जास्त घरं-दुकानांची वीज गेली. भारनियमन आळीपाळीनं होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाळी एकाचीच आली आणि ती दिवसेंदिवस संपेना. घरं काळोखात आणि शहराच्या मध्यावरच्या रिकाम्या कचेऱ्या मात्र लखलखीत. दुष्काळात पाणी भरताना महाराष्ट्राने हे पाहिलेलं आहे, त्यामुळे समजावून सांगायला नको.

टेक्सासची ग्रिड स्वतंत्र बाण्याची. 1935 मध्ये केंद्रानं राज्याराज्यांतल्या वीजव्यापारावर देखरेख सुरू केली. तेव्हा इथल्या वीज कंपन्यांनी ठरवलं की राज्याबाहेर वीज पाठवायचीच नाही, म्हणजे दिल्लीवाल्यांनी, चुकलो, वॉशिंग्टनवाल्यांनी विचारायचा प्रश्नच नको. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायची नाही, हा बाणा उत्तमच. फक्त आपला डबा भरलेला हवा. एल पासो शहर मात्र दुसऱ्या ग्रिडवर. शिवाय 2011 च्या अशाच गारठ्यानंतर तिथल्या वीज कंपनीनं यंत्रांना थंडीचे कपडे चढवले होते. तिथे दिवे फारसे गेले नाहीत. अशा माणसांमुळेच इतरांची पंचाईत होते.

कारण 2011 चा धडा सगळ्यांनाच मिळाला होता. केंद्रीय नियामकांनी रीतसर अहवाल दिला: वीजकेंद्रांचे पाइप गुंडाळा, गॅसविहिरी गोठू देऊ नका. सक्ती नव्हती, विनंती होती. पुढची दहा वर्षं त्या राज्यात सर्वांत उबदार जागी कोण राहिलं असेल तर तो हा अहवाल, फायलींच्या ढिगाखाली.

आता खरा मौजेचा भाग. गॅस नाही म्हणून वीजकेंद्रं थांबली आणि वीज नाही म्हणून गॅस थांबला. भारनियमनात गॅसच्या यंत्रणेचीच वीज तोडली गेली होती. का? आमची वीज तोडू नका, असं सांगणारा एक फॉर्म असतो. अनेक गॅसवाल्यांनी तो भरलाच नव्हता. ज्यांना वाटतं की कागदपत्रांपायी देश अडवणं ही फक्त आपलीच कला, त्यांनी जरा नम्र व्हावं. संपूर्ण ग्रिड कोसळण्यापासून 4 मिनिटं 37 सेकंदांवर होती.

बाजार मात्र अखंड चालू होता. घाऊक विजेचा भाव युनिटला 9 डॉलरच्या कमाल मर्यादेवर नेऊन ठेवला आणि बदलत्या दराची योजना घेतलेल्यांना हजारो डॉलरची बिलं आली. सुमारे 1.4 कोटी लोकांना पाणी उकळून प्या असा आदेश गेला. कशावर उकळायचं हे आदेशात नव्हतं. लोकांनी बर्फ वितळवून संडासात ओतला. काहींनी कोळशाची शेगडी घरात आणली, काहींनी बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून ऊब घेतली. त्यातले काही जण कार्बन मोनॉक्साइडनं गेले. राज्याच्या अधिकृत हिशेबात मृत्यू 246, बहुतेक थंडीनं गारठून.

पूर्वतयारी नव्हती कुणाची असं नाही. टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांनी उबेचा सर्वांत खात्रीचा उपाय शोधला: मेक्सिकोतल्या कॅनकूनचं विमान. बोभाटा झाल्यावर दुसऱ्या दिवशी परतले. राज्यपालांनी टीव्हीवर पवनचक्क्यांना दोषी धरलं. तुटवड्यात सर्वांत मोठा वाटा गॅसचा होता, पण पवनचक्की उलटून बोलत नाही. कोलोरॅडो सिटी या टेक्सासमधल्याच छोट्या गावाच्या महापौरानं मात्र फेसबुकवर स्वच्छ लिहिलं की सरकार तुमचं काही देणं लागत नाही. त्याचं महापौरपद गेलं. सगळ्यांनी दहा वर्षं जे पाळलं, ते लिहून दाखवायची काय गरज होती?

पुढे कायदा झाला. थंडीची तयारी आता सक्तीची. गॅसवाल्यांवर लक्ष ठेवण्याचं काम रेल्वे आयोगाकडे. नाव रेल्वेचं, पण रेल्वे सोडून तेल आणि गॅस पाहणारं खातं. त्या आयोगाच्या पहिल्या मसुद्यात एक सोय होती: कंपनीनं 150 डॉलर भरून अर्ज केला की तिला 'महत्त्वाच्या' यादीतून सूट मागता यायची. यादीत नाही म्हणजे तयारीचीही सक्ती नाही. आमदार खवळले, मग पळवाट अरुंद करण्यात आली. फॉर्म भरायला गॅसवाले टाळाटाळ करतात असं कोण म्हणतं. फॉर्म कसला आहे त्यावर असतं.