झिंकवाला

किनाऱ्यावर बोट असणारी माणसं पुष्कळ, इंजिन टिकवणारी थोडी. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या बोटी वाढल्या, बोटींच्या मागे आउटबोर्ड इंजिनं लटकली आणि त्या इंजिनांच्या आसऱ्याने माणसांचा एक नवा प्रकार रुजला. त्याला झिंकवाला म्हणतात असं नाही. पण म्हणायला हरकत नाही.

तो ओळखायला सोपा. नव्या बोटीची पूजा असली की मंडळी हार-नारळ घेऊन पुढच्या टोकाला जमतात. हा मागे ओणवा होऊन पंख्याच्या वरची जागा न्याहाळत असतो. खिशात तारेचा लहान ब्रश, डिकीत मल्टिमीटर. घराच्या खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्याने खाऊन बोटाएवढे उरलेले असतात, स्कूटरच्या पत्र्यातून रस्ता दिसतो, आणि घरच्यांनी ते दाखवलं की त्याचं उत्तर ठरलेलं: ते काय पाण्यात बुडत नाहीत.

त्याच्या चिंतेला मात्र आधार आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यामुळे ते पाणी वीज चांगली वाहून नेतं. इंजिनाचा पाण्यात बुडणारा पाय ॲल्युमिनियमचा, पंखा पुष्कळदा स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात बुडवले की विजेचा सेलच तयार होतो. त्यात जो धातू इलेक्ट्रॉन सोडायला अधिक उतावळा, तो विरघळत जातो. इथे तो मान ॲल्युमिनियमला मिळतो. आधी रंगाला फोड, फोडाखाली पांढरी भुकटी, भुकटीखाली खड्डा. तेव्हा ॲल्युमिनियमहून उतावळा असा जस्ताचा तुकडा पायाला पक्का जोडून ठेवायचा. आधी तो झिजतो, आणि तो आहे तोवर पाय वाचतो. हल्ली हे तुकडे ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचेही मिळतात. किनारा त्यांनाही झिंकच म्हणतो आणि झिंकवाला दर वेळी ती चूक दुरुस्त करतो.

या तुकड्यापायी त्याच्या स्वभावात एक गंमत उतरलेली असते. घरी साबणाची वडी संपत आली की तो ती नव्या वडीला चिकटवतो, जुन्या चड्डीचं फडकं करतो. पण झिंक अर्धं झिजलं की बिनदिक्कत काढून नवं लावतो. जगात पैसे देऊन आणलेली हीच एक वस्तू अशी, की ती खराब झालेली पाहून त्याचा चेहरा खुलतो. झिंक जसंच्या तसं दिसलं तर रात्रीची झोप उडते.

त्याच्या शेजारी बोट लावणारा नेमका उलटा. त्याला टापटिपीची हौस. इंजिन रंगवताना तो झिंकवरही दोन हात मारतो आणि वर्षानुवर्षं येईल त्याला ते कौतुकाने दाखवतो: बघा, अजून नवंकोरं! रंगाखालच्या झिंकला पाणी लागत नाही, म्हणून ते झिजत नाही. आणि ते झिजत नाही म्हणून त्याच्या वाट्याचं झिजणं शेजारचं ॲल्युमिनियम उरकून घेतं. झिंक आणि पाय यांच्या मधे रंगाचा थर आला तरी तोच घोटाळा, कारण धातूला धातू लागला नाही तर वीज वाहणार कशी? झिंकवाला म्हणूनच ती बैठक पॉलिश पेपरने घासतो, स्क्रू आवळतो आणि मल्टिमीटरच्या दोन काड्या टेकवून त्याची पिपाणी वाजेपर्यंत उठत नाही.

टापटिपीवाल्याचा दुसरा पराक्रम उरलेल्या रंगाचा. बोटीच्या तळाला शेवाळ आणि चिकट जीव बसू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग देतात. डब्यात थोडा उरतो. वाया कशाला घालवायचा, म्हणून तो इंजिनाच्या पायाला फासला जातो. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं खाऱ्या पाण्यात मुळीच जमत नाही, आणि दर वेळी हरतं ते ॲल्युमिनियम. फायबरच्या तळाला चालणारा रंग पायाला चालत नाही, हे झिंकवाला ऐकणाऱ्याला सांगतो आणि न ऐकणाऱ्याला तर जास्तच.

अशा वेळी तो हटकून हम्फ्री डेव्हीला मधे आणतो. १८२४ साली डेव्हीने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, की इंग्रजी युद्धनौकांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर वाचतील. पत्रे खरंच वाचले. पण तांबं विरघळत होतं म्हणूनच आजवर समुद्री जिवांना विषबाधा होऊन तळ स्वच्छ राहत होता. ते विरघळायचं थांबताच तळावर जीवसृष्टी नांदू लागली, जहाजं मंदावली आणि आरमाराने ते तुकडे काढून टाकले. झिंकवाल्याच्या मते डेव्हीचं शास्त्र चोख होतं, फक्त त्याने स्वतःची बोट ठेवायला हवी होती.

संध्याकाळचा त्याचा विधी म्हणजे इंजिनाचं स्नान. पाणी ओढण्याच्या भोकांवर रबरी वाट्या बसवायच्या, नळी जोडायची, पाणी सुरू झाल्यावरच इंजिन चालू करायचं आणि मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी आतून फिरवायचं. कोरडं चालवलं तर पंपातली रबरी चक्री जळते. धुतलंच नाही तर थंडाव्याच्या वाटांत मीठ साचतं आणि एक दिवस भर समुद्रात इंजिन तापतं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी मचूळ होतात, तेव्हा घरात या विधीवरून तोंडं वाजतात. इंजिनाला पाणी, माणसांना काय? तरी वाटेत भेटेल त्या बोटवाल्याला त्याचा पहिला प्रश्न हाच: "रे, धुतलंस मां?" मग तो मुक्कामाला पाय पाण्याबाहेर उचलून ठेवलेला आहे ना, हे दुरूनच बघून घेतो.

पाहुण्यांचा त्रास वेगळा. पानशेतच्या जलाशयात बोट ठेवणारा एखादा नातलग प्रेमाने मॅग्नेशियमचा तुकडा भेट आणतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम उत्तम. समुद्रात ते इतक्या घाईने संपतं की आभाराचा फोन होईपर्यंत नाहीसं झालेलं असतं. उलट जस्त गोड्या पाण्यात सुस्तावतं, त्याच्यावर कठीण थर बसतो आणि ते काम सोडून देतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे पाणी कधी खारं, कधी निमगोडं. म्हणून तिथला झिंकवाला मिश्रधातूवर भरवसा ठेवतो आणि ब्रश हाताशी.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी, आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या बोटीही किनाऱ्यावर. बाकीचे तेव्हा पत्ते खेळतात. झिंकवाला पंखा उतरवून दांड्यावर गुंडाळलेला गळाचा नायलॉन दोरा शोधतो, कारण तोच आतला सील कापतो. गिअरचं तेल दुधासारखं निघालं, तर पाणी आत शिरलं हे नक्की, आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सील बदलून, दांड्याला ग्रीस लावून, पंखा चढवून तो इंजिन उभंच ठेवतो, म्हणजे आतलं पाणी निथळतं.

इंजिन विकायची वेळ आली की मात्र त्याची पंचाईत होते. जुन्या इंजिनावर नवंकोरं झिंक दिसलं की ते काल लावलं असणार, असा जाणत्या गिऱ्हाइकाला संशय येतो; म्हणून झिंकवाला अर्धं झिजलेलं तसंच ठेवतो आणि तेच आपल्या काळजीचं प्रमाणपत्र म्हणून पुढे करतो. गिऱ्हाईक जाणतं नसलं, तर ते झिजलेल्या झिंककडे बोट दाखवून पाच हजार कमी करायला सांगतं आणि शेवटी शेजारच्या रंगवलेल्या इंजिनाचा सौदा करून जातं.