नळ आले, चालू राहू दे

जुने सिनेमे घरी बसून पाहणं याला मुंबई-पुण्याकडे अभिरुची म्हणत असतील. आमच्या छत्रपती संभाजीनगरात ती निव्वळ सोय आहे. इथे पाण्याचा वार असतो. कोणता, ते कॅलेंडरात सापडत नाही. मागच्या खेपेला नळ कधी आले होते त्यावरून आई बोटं मोजून काढते. जायकवाडी भरलं की धरणाच्या उघडलेल्या दारांचे व्हिडिओ आम्ही नातेवाइकांना मोठ्या ऐटीत पाठवतो. पण तेच पाणी पैठणहून सिडकोतल्या आमच्या हौदात किती वाजता पडणार, ते नाथमहाराजच जाणोत. घरात एवढं रहस्य असताना पडद्यावर आणखी कशाला? नवी मालिका लावावी, तर खुनी कळायच्या घटकेला आई ओरडते, “नळ आले रे!” मोटर लावा, वरची टाकी वाहतेय का बघा, शेजारच्या काकूंना हाक मारा. परत यावं तर खुनी पकडला गेलेला, आणि कोण होता ते सांगायला घरात कुणी जागं नसतं.

‘अशी ही बनवाबनवी’ अशी दगा देत नाही. धनंजय माने सरपोतदारांना सत्तर रुपयांचा हिशेब देत असताना मी उठतो. हौद भरून येतो तोवर सुधीरची सुधा आणि परशाची पार्वती झालेली असते. मधले संवाद मी जिन्यातच म्हणून टाकलेले असतात. सिनेमा १९८८चा, पण भाड्याच्या खोलीचं दुखणं अजून ताजं आहे. फक्त एक गोष्ट खटकते. लीलाबाई काळभोरांना एकही भाडेकरू विचारत नाही, “पाणी किती दिवसांनी येतं?” आमच्याकडे भाडं त्यानंतर विचारतात.

“बाबा, पॉज करा ना,” असं मुलगा म्हणतो. आईला ते पटत नाही. “चालू राहू दे. तो काय पळून जाणारे? मागच्या दिवाळीतही इथंच होता.”

गच्चीशी माझं नातं मोटरच्याही आधीचं. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा घरातला सगळ्यात हलका इसम म्हणून अँटेना माझ्याकडे होता. तोंड म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे, कान खाली टीव्हीसमोर बसलेल्या काकांकडे. “राम आला, सीता मुंग्यांत गेली... अरे, थोडा डावीकडे! आता दोन-दोन लक्ष्मण!” असं ते रामायण मी ऐकलं, पाहिलं ते २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा दाखवलं तेव्हा. खरं सांगू? काकांच्या तोंडून युद्ध जास्त रंगायचं. रावण तर त्यांनी एका हप्त्यात दोनदा मारला होता.

दिवाळी अंकही आमच्याकडे असेच उशिरा पोचतात. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचतो म्हणे. विकत घेणारे वाचत असतील. आम्ही वाचनालयाच्या योजनेतले. एकदा पैसे भरायचे आणि एकेक अंक घरी न्यायचा. म्हणजे चकलीबरोबर जाहिराती नसलेला एखादा बारीक अंक आणि नामांकित अंक थेट होळीला. पुरणपोळी खाता खाता आकाशकंदील कसा करावा ते वाचायचं. त्यालाही माझी ना नाही. तोवर अंक चांगला मुरलेला असतो. ‘आवाज’ची खिडकी शंभर बोटांनी उघडून सैल झालेली असते, त्यामुळे आतली गंमत पान उलटायच्या आधीच डोकावते. शब्दकोडं सुटलेलं, तेही चुकीचं, आणि त्या चुकीवर तिसऱ्याच कुणाची लाल शाई.

सगळ्यात वाचनीय असतं राशिभविष्य. अर्धं वर्ष सरत आलेलं असल्यामुळे त्याची तपासणीच झालेली असते. गेल्या खेपेच्या अंकात कन्या राशीला डिसेंबरात अचानक धनलाभ होता. समोर पेन्सिलीने मोठ्ठं प्रश्नचिन्ह होतं, आणि त्याखाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं : मलाही नाही.