प्रोसेसपंत

आमच्या कंपनीचे चार कारखाने आहेत. चाकणला दोन, वाळूजला एक आणि नाशिकला एक. चारही ठिकाणी मोटारींचे सुटे भाग तयार होतात आणि चारही ठिकाणी ते उशिरा तयार होतात. उशीर करण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची वेगळी होती. नाशिकचे लोक आधी सांगून उशीर करत, वाळूजचे लोक उशीर झाल्यावर विजेचं कारण सांगत आणि चाकणचे लोक शेवटपर्यंत "झालंच साहेब" म्हणत. हा विस्कळीतपणा मोडून सर्वांनी एकाच पद्धतीने उशीर करावा, यासाठी व्यवस्थापनाने पंतांना आणलं.

त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हा एक माणूस नाही, वाण आहे. मोठ्या कंपनीत एक पंत असतोच. तुमच्याकडे अजून आला नसेल, तर त्याच्या स्वागताची मेल तुम्ही न वाचता पुसली असणार. 'प्रोसेसपंत' हे बारसं आमच्या टूलरूमने त्यांच्या आगमनानंतर तिसऱ्या दिवशी केलं. ठरलेल्या मुदतीत पार पडलेलं ते आमचं त्या वर्षातलं पहिलं काम.

पंतांच्या शर्टाच्या खिशात चार रंगांची मार्कर असत. खिशाच्या तळाशी कायमचा हिरवा डाग होता, कारण हिरवं मार्कर आठवड्याला एक संपायचं. लाल मार्करचं टोपण उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं, "मी पीएमपी आहे." टूलरूमचे मामा शेजारी बसले होते. त्यांची एकोणतीस वर्षं आमच्याकडे झालेली आणि त्याआधीचं आयुष्य पुण्याच्या बसमध्ये गेलेलं. त्यांनी आदराने विचारलं, "कुठल्या रूटवर?"

पंतांचं पीएमपी वेगळं होतं. अमेरिकेत १९६९ साली प्रकल्प-व्यवस्थापनाची एक संस्था निघाली, तिची ही परीक्षा १९८४ पासून चालू आहे. पंत २०१८ साली बसले तेव्हा चार तासांत दोनशे प्रश्न सोडवायचे होते. त्या संस्थेच्या जाडजूड मार्गदर्शक ग्रंथाची सहावी आवृत्ती तेव्हा नुकतीच, म्हणजे २०१७ साली, आली होती. तिच्यात ५ गट, १० ज्ञानक्षेत्रं आणि ४९ प्रक्रिया. पंतांनी त्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या. झोपेतून उठवून "सदतिसावी?" विचारलं तरी ते सांगत. आणि २०२१ साली सातवी आवृत्ती आली. तिच्यात त्या ४९ प्रक्रियांचा डोलारा बाजूला ठेवून १२ तत्त्वं मांडली होती. पावकी-निमकी घोकून शाळेत जावं आणि मास्तरांनी कॅल्क्युलेटर वाटावेत, तसं झालं. पण पंत खचले नाहीत. "आवृत्ती बदलते, श्रद्धा बदलत नाही," असं म्हणून त्यांनी बारा तत्त्वंही पाठ केली. ४९ मात्र विसरले नाहीत. त्यामुळे आम्हाला एकूण एकसष्ट लागू झाली.

त्यावर त्यांनी 'अजाइल'चा थर दिला. २००१ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात, बर्फावर घसरायला जातात तशा एका ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी सॉफ्टवेअर कसं करावं याचा छोटासा जाहीरनामा लिहिला. पद्धती आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोलाचं, असा त्याचा पहिलाच मुद्दा. हा मुद्दा पंतांनी आम्हाला चौसष्ट स्लाइडमध्ये समजावला आणि तो समजल्याची सही एका फॉर्मवर घेतली. फॉर्मवर बोलायला मनाई होती.

मग रोजची उभ्याची मिटिंग आली. नियम असा की सगळ्यांनी उभं राहायचं, म्हणजे पाय दुखतात आणि मिटिंग पंधरा मिनिटांत आटपते. ही युक्ती खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी निघालेली. मामा म्हणाले, "साहेब, आठ तास आमी उभंच असतो. मिटिंगीत तरी बसू द्या." त्यांनी स्टूल आणलं. तेवढी एक व्यक्ती सोडता बाकी सगळे रोज चाळीस मिनिटं उभे राहू लागले.

कामाचा अंदाज पत्त्यांवर काढायचा होता. पत्त्यांवर आकडे १, २, ३, ५, ८, १३ आणि पुढे असेच. एका डायबद्दल विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "सहा दिवस."

"मामा, सहाचा पत्ता नाही."

"पण काम सहा दिवसांचं हाये."

"हे दिवस नाहीत मामा, पॉइंट आहेत. कामाचा आकार."

मामांनी पत्ते खालीवर करून पाहिले आणि व्यवहारी माणसासारखा तोडगा काढला. "मग पाच लिवा आन् आठ धरा." पंतांनी इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' लिहिलं.

मोठ्या कंपन्यांसाठी या विद्येत आगगाडीची कल्पना आहे. पन्नास ते सव्वाशे माणसांची एक गाडी, आणि ती आठ ते बारा आठवड्यांची योजना एकत्र बसून करते. आमच्या प्रकल्पात एकशे चाळीस जण होते. गाडी सव्वाशेची, म्हणजे पंधरा जण फलाटावर. पंत दोन रात्री झोपले नाहीत. शेवटी लोकल गाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसवतात तसे ते पंधरा कडेकडेने बसवले गेले. त्यांना सगळ्या मेल येत, जेवणाचं कूपन येत नसे.

सगळी कामं संगणकावर 'जिरा'मध्ये टाकायची होती. त्या सॉफ्टवेअरचं नाव जपानी सिनेमातल्या राक्षसाच्या 'गोजिरा' या नावाचं पहिलं अक्षर उडवून केलेलं आहे. आपल्याकडे गोजिरं म्हटलं की पाळण्यातलं बाळ आठवतं. तो गोजिरा शहरं तुडवतो. टूलरूमने त्याचं लगेच क्रियापद केलं. "त्या ब्रॅकेटचं काय झालं?" "जिरवलं."

पंत घरी तरी सुटत असतील, असं मला वाटायचं. गणपतीत त्यांच्या सोसायटीत गेलो आणि तो गैरसमज दूर झाला. जिन्याजवळ तक्ता लावलेला होता. प्रत्येक कामापुढे चार रकाने: करणारा कोण, जाब कोणाला, सल्ला कोणाचा, माहिती कोणाला. निरांजन, फुलं, प्रसाद, सगळ्यांपुढे नावं होती. गुरुजी सल्ल्याच्या रकान्यात होते. गणपती बाप्पा 'फक्त माहितीसाठी' होते. वहिनींनी चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "फ्रिजवरसुद्धा एक तक्ता आहे, भाऊजी. त्यात 'चालू आहे' या रकान्यात गेली दोन वर्षं फक्त नळाची गळती आहे. ते काम ह्यांच्याकडे आहे."

न्यायाने बोलायचं तर पद्धतीची आम्हाला गरज होती. मामांच्या मुलीच्या लग्नात मामा आठ दिवस रजेवर गेले, तेव्हा कुठली डाय कोणत्या पुरवठादाराकडे आहे हे कंपनीत कोणालाच सांगता येईना. ती सगळी माहिती मामांच्या खाकी वहीत होती आणि मामांसोबत वही लग्नाला गेली होती. हळदीच्या दिवशी आम्ही मांडवात फोन करून डायचा पत्ता विचारला आहे. एका माणसाच्या खिशावर चार कारखाने चालवणं बरं नव्हे, हे पंतांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

घोटाळा रंगांचा होता. दर शुक्रवारी प्रत्येक कामाला रंग द्यायचा. हिरवा द्यायला एक टिचकी पुरे. पिवळा दिला की एक फॉर्म. लाल दिला की कारणमीमांसा, सुधारणेचा आराखडा, विभागप्रमुखांची सही आणि काम हिरवं होईपर्यंत रोज रात्री नऊला मुख्यालयाशी फोन. साहजिकच आमचे सगळे प्रकल्प हिरवे झाले. या धंद्यात अशा प्रकल्पाला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवंगार, कापलं की लाल. आमच्याकडे मळा फुलला होता. त्यातलं एक कलिंगड माझंही होतं. भोसरीच्या पुरवठादाराकडची एक डाय अकरा दिवस मागे पडली होती. रात्री नऊला आमच्याकडे जेवायला बसतात. मी हिरवी टिचकी मारली.

आषाढीच्या आधी कंपनीने एका दिवसाची वारी काढली. पुणे ते सासवड, मध्ये दिवे घाट. मामा दरवर्षी दिंडीत चालणारे. संध्याकाळी तळावर समाजआरतीला ते आम्हाला घेऊन गेले. दिंड्या गोल करून उभ्या होत्या, टाळमृदंगाने कान भरले होते. चोपदाराने दंड उंचावला आणि एवढा मोठा समाज क्षणात गप्प झाला. पंतांच्या अंगावर काटा आला. "स्टँड-अप!" ते पुटपुटले. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला घालून दिलेली ही शिस्त. पंत पाठ्यपुस्तक जिवंत झाल्यासारखे पाहत राहिले.

पण एका कोपऱ्यात टाळ वाजतच होते.

"त्यांना सूचना पोचली नाही वाटतं," पंत म्हणाले.

"पोचली की," मामा म्हणाले. "त्यांची तक्रार हाये. तक्रार असली की त्या दिंडीनं टाळ थांबवायचे न्हाईत. आता चोपदार चालत तिथवर जाणार, ऐकून घेणार. मग थांबतील."

"फॉर्म कुठला भरतात?"

"टाळ, साहेब."

चोपदार खरंच गेले. तिथले टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा झाला, पुढे निघण्याची वेळ सांगितली गेली आणि आरती झाली. परतताना मामांनी साधेपणाने विचारलं, "आपल्या मिटिंगीत टाळ कुठं वाजवायचा?" पंत खिडकीबाहेर बघत राहिले. बसमध्ये त्यांनी एकही टिपण घेतलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.

सोमवारी सकाळी मेल आली. 'टाळ प्रोटोकॉल, आवृत्ती १.०'. तक्रार नोंदवण्यासाठी अकरा रकाने. स्वभावाला औषध नाही. मामांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि उभ्याच्या मिटिंगीत, आपल्या स्टुलावर बसून, पान्याने बेंचच्या नळीवर ठोकायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्. पंत बोलायचे थांबले. मामा ठोकायचे थांबेनात. मग पंतांच्या ध्यानात आलं. हातातलं हिरवं मार्कर खाली ठेवून ते चालत मामांपाशी आले आणि म्हणाले, "सांगा."

मामांनी वही उघडली. "भोसरीची डाय. अकरा दिवस." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंतांकडे पाहिलं. पंतांनी फॉर्म मागितला नाही. ते मामांच्या स्कूटरवर मागे बसून भोसरीला गेले. हेल्मेटची नोंद त्यांनी निघण्याआधी करून घेतली, ते सोडा.

शेडमध्ये डायचा ठोकळा तसाच पडलेला होता. पुरवठादार म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये बदल झालाय म्हणालात. मंजूर झालेलं ड्रॉइंग आलं की मशीनवर घेतो. वाट बघतोय." पंतांनी तिथेच उभं राहून मोबाइलवर जिरा उघडलं. ड्रॉइंग दोन आठवड्यांपासून मंजुरीसाठी अडकलं होतं. मंजुरी देणार: पंत. काम हिरवं दिसत असल्याने त्यांनी ते उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या मागणीवहीत एक नोंद झाली. लाल मार्कर, नग एक. तिच्याखाली तीन सह्या आहेत, मागणी करणारा, शिफारस करणारा आणि मंजूर करणारा अशा. तिन्ही पंतांच्या आहेत.