हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेला कुलूप घालणाऱ्या सरांना खुले पत्र



तुम्ही आम्हाला हायड्रॉलिक्स शिकवलंत असं आमच्या गुणपत्रिकेवर छापलेलं आहे. ते खोटं आहे. तुम्ही आम्हाला आकडे उतरवून काढायला शिकवलंत. प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली तुमच्या कपाटात, मोटर कायमची ‘दुरुस्तीला’, आणि टेबलावर आदल्या बॅचच्या जर्नल. त्यांतली रीडिंग जशीच्या तशी घ्यायची, अक्षर नीट काढायचं आणि ऑरिफिसचा सीडी (विसर्ग गुणांक) ०.६२ आणायचा. आला की सही. तुमच्या पंपाने आमच्यासाठी थेंबभर पाणी उचललं नाही, मार्क मात्र सगळ्यांचे वर गेले.

दुसऱ्या एखाद्या विषयात हे कदाचित खपलं असतं. पाण्यात खपत नाही. बर्नुलीच्या समीकरणाने धारेचा वेग काढता येतो, पण भोकातून बाहेर पडताना धार आकसते, थोडी ऊर्जा वाटेतच जाते आणि प्रत्यक्ष विसर्ग हिशेबाच्या साधारण ६२ टक्केच भरतो. ही तूट टाकी, पट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन मोजायची, यासाठीच तर तो प्रयोग! तुम्ही उत्तर आधी सांगून प्रयोगाचा जीवच काढून घेतलात.

व्ही-नॉचचंच, म्हणजे विसर्ग मोजायच्या त्या व्ही आकाराच्या खाचेचंच घ्या. हूक गेजचं टोक पाण्याखालून हळूहळू वर आणायचं, पृष्ठभागावर बारीकसा फुगवटा दिसला की थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं. विसर्ग हेडच्या, म्हणजे खाचेच्या टोकावरच्या पाण्याच्या उंचीच्या, अडीचाव्या घाताने वाढतो. म्हणजे १० सेंटीमीटर हेडला १ मिलिमीटर चुकलात की विसर्गात अडीच टक्क्यांची चूक. तो फुगवटा मला नोकरीला लागल्यावर एका तंत्रज्ञाने दाखवला. त्याच्याकडे पदवी नव्हती. त्याने बोट धरून नजर कुठे ठेवायची ते सांगितलं. ते काम तुमचं होतं, सर.

या विषयातली माणसं पाण्याजवळ जाऊन उभी राहिलेली आहेत. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडली आणि ती कुठे विस्कटते ते डोळ्यांनी पाहिलं. केनेडीने पंजाबातल्या अप्पर बारी दोआब कालव्यावर गाळाचा अभ्यास करून १८९५ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. इतक्या लांब कशाला, आपल्या खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे संगणक असूनही सांडव्यांची मॉडेल बांधतात, त्यांत पाणी सोडतात आणि मगच बोलतात.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. सिलॅबस संपत नाही, लॅब असिस्टंटची जागा भरलेली नाही, दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत. यातलं काहीही मी नाकारत नाही. पण तपासणी समिती आली त्या सकाळी मोटर सुरू झाली होती, सर! फ्लूममध्ये पाणी वाहत होतं. स्लूस गेटखालून पातळ, वेगवान पाणी निघत होतं आणि पुढे एका जागी एकदम उसळून, पांढरा फेस काढत, दुपटीतिपटीने उंच होत होतं. हायड्रॉलिक जंप! पानभर गणित पाठ करूनही जे कळलं नव्हतं ते दारात उभ्या उभ्या कळलं: धरणाखाली पाण्याची मस्ती कुठे जिरते आणि तिथे काँक्रीटची लादी का घालतात. समिती गेली आणि तुम्ही कुलूप परत लावलंत. पंप चालत होता. आमच्यासाठी चालवायचा नव्हता, एवढंच.

आता मी पावसाळी गटारांची डिझाइनं तपासतो. नवी मुलं मॅनिंगचा एन, म्हणजे खडबडीतपणाचा गुणांक, ०.०१३ धरून येतात, गुळगुळीत काँक्रीटचा. गटारात उतरून बघा म्हटलं तर बघत राहतात. तिथे गाळ असतो, पिशव्या असतात, मध्येच कुणीतरी आडवा टाकलेला पाइप असतो. एन दुप्पट झाला की त्याच उताराला, त्याच खोलीला विसर्ग निम्मा. गाळाने जागा अडते ती वेगळीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाची. त्या दिवसापुढे कुणाचंच गणित टिकलं नसतं, हे मान्य. पण दर जुलैत साध्या पावसालाही खालच्या वस्तीत लोक घरातलं पाणी बादलीने उपसतात, गहू-तांदूळ माळ्यावर चढवतात, त्याला आभाळ जबाबदार नाही. कागदावरचा एन खरा आणि समोरचं गटार खोटं मानायची सवय जबाबदार आहे. ती सवय तुम्ही सही करून लावलीत, बॅचमागून बॅच.

अजून तुमची नोकरी शिल्लक आहे, म्हणून हे पत्र. येत्या सत्रात संपच्या टाकीत पाणी भरा. मॅनोमीटरच्या नळ्यांतली हवा काढायला मुलांनाच लावा. सीडी ०.५७ आला तर तोच लिहू द्या आणि का आला ते विचारा. जुन्या जर्नल रद्दीत घाला. ओरलला बाहेरचे परीक्षक आले की मुलांना व्ही-नॉच त्यांच्यासमोर चालवायला सांगा, आणि फाइलवर सही त्यानंतर करा.

तुमचा एक माजी विद्यार्थी