घरच्या घरी

"मजुरी किती?" असं विचारून, उत्तर पुरतं ऐकायच्या आत "राहू दे, घरच्या घरी करतो" म्हणणारे एक काका डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कुठल्याही जुन्या सोसायटीत सापडतात. वय साठीच्या पुढे, निवृत्ती बहुधा बँकेतून किंवा वीज मंडळातून, खिशाला पेनाशेजारी टेस्टर. कुठलीही जुनी वस्तू दिसली की ते मान तिरकी करून म्हणतात, "यावर एक हात मारला तर?" कुंड्या, मीटरची पेटी, गच्चीचं दार आणि सोसायटीची नावांची पाटी यांवर हात मारून झाला की उरतो फक्त स्वयंपाकघरातला ओटा.

आमच्या सोसायटीतल्या काकांचा ओटा कडप्प्याचा आहे. ऐंशीच्या दशकातल्या इमारती म्हटल्या की ओटा कडप्प्याचाच असायचा. आंध्रातून येणारा हा काळा दगड मुळात चुनखडीचा. लिंबू पिळताना चार थेंब सांडले, आमसुलं भिजवलेलं पाणी ओघळलं, की तेवढ्या जागेचं पॉलिश उडतं आणि राखाडी डाग राहतो. पस्तीस वर्षांच्या संसारात असे डाग किती पडावेत याला काही मर्यादा नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, ग्रॅनाइट टाका आता." ग्रॅनाइटवाला आला, त्याने टेप लावला, आकडा सांगितला. जुना ओटा फोडणं वेगळं, डेब्रिज उचलणं वेगळं, सिंक काढून परत बसवणं वेगळं, आणि टाइल्सची खालची ओळ फुटली तर तीही वेगळी. काकांनी त्याला चहा पाजला आणि रवाना केलं. या सगळ्या प्रकरणात त्यांनी न कुरकुरता केलेला खर्च तेवढाच.

त्याच रात्री कालनिर्णयवर अंदाजपत्रक तयार झालं. लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर, पांढरा रंग, वरून इपॉक्सी. ब्रश घरात आहे, टर्पेंटाइन घरात आहे, वेळ फुकट आहे. स्वयंपाकघर बंद असताना पोळी-भाजी केंद्रातून येणारे डबे यात धरायचे नसतात, कारण "जेवायला काय, एरवीही लागतंच." रंगाचं वेळापत्रकही त्याच पानावर आलं. ज्या चौकोनांत काकू दुधाचे खाडे लिहितात, त्यांत 'प्रायमर १', 'रंग २' अशा नोंदी झाल्या आणि महिनाअखेरीस दुधाच्या हिशेबाने दूधवाला आणि काकू दोघांनाही चक्रावून टाकलं.

काका अडाणी नाहीत, हे इथेच सांगायला हवं. तेलकट दगडावर रंग धरत नाही. आधी धुण्याच्या सोड्याने तेल काढायचं, दगड पूर्ण वाळू द्यायचा, मग ८० नंबरच्या पेपरने खरवडायचा आणि पुढे १२०, २२० असं चढत जायचं, हे ते झोपेतही सांगतील. जिन्यात भेटलात तर जागेपणीही सांगतात. पण घासायचं काम प्रत्यक्ष निघालं तेव्हा "अगं, भांड्यांचा तो काथ्या कुठाय?" असं विचारत विचारत ते कधी काकूंच्या हाती गेलं, हे दोघांनाही कळलं नाही.

रंग विकत आणण्याआधी काकांनी माळा धुंडाळला. या जातीच्या माणसाच्या माळ्यावर अर्धे, पाव आणि तळाशी गेलेले रंगाचे डबे असतातच. झाकण उघडायचं, वरची साल काढायची, खाली रंग पातळ आहे ना, मग झालं! त्या डब्यांपैकी काही काकांच्या मुलीच्या बारशाच्या वेळचे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. मुलीने फोनवरून हे ऐकवलं, तेव्हा काका म्हणाले, "आम्ही त्याच रंगाच्या पाळण्यात तुला वाढवली." मग डबा परत माळ्यावर गेला. टाकून दिला नाही, फक्त परत गेला.

खरी परीक्षा इपॉक्सीची. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र आले की उष्णता निघते. पसरट भांड्यात थोडं थोडं कालवलं तर ती निघून जाते. खोल डब्यात एकदम कालवलं तर आतल्या आत साठते आणि माल तापून तिथेच घट्ट होतो. पुडक्यावर तसं छापलेलं होतं. पण थोडं थोडं कालवलं की थोडं थोडं भांड्याला चिकटून वाया जातं, हा काकांचा मुद्दा. त्यांनी सगळा माल श्रीखंडाच्या किलोच्या डब्यात एकदम ओतला आणि ढवळता ढवळता ग्रॅनाइटवाल्याच्या नफेखोरीवर बोलायला लागले. बोलणं संपेपर्यंत डब्यातून वाफ निघाली आणि कुल्फीतल्या काडीसारखा ब्रश मधोमध उभा राहिला. दुसऱ्या पुडक्याचा खर्च अंदाजपत्रकात 'शिक्षण' या सदराखाली आहे.

पांढऱ्या ओट्यावर संगमरवराच्या करड्या रेषा हव्यात, हे ओघाने आलंच. अशा रेषा कसलेले रंगारी पिसाने काढतात. पीस थरथरवत ओढलं की रेष ओबडधोबड आणि म्हणून अस्सल येते. काकांना घरात एकच पीस सापडलं, देवघरातल्या बाळकृष्णाच्या मुकुटातलं. काकू त्या दिवशी प्रथमच मोठ्याने बोलल्या. शेवटी कबुतराच्या पिसावर तह झाला. हे सगळं भर आषाढात चाललेलं. ओल्या हवेत इपॉक्सी वाळताना त्यावर धुरकट थर येतो, तसा तो आला. "मकराण्याच्या दगडात अशीच छटा असते," काका म्हणाले.

ओटा झाला. मग सोसायटीला निमंत्रणं गेली. प्रत्येकाने ओटा बघायचा, बोटाने वाजवायचा, आणि "ओळखा बरं, दगड की रंग?" या प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यायचं. मात्र त्यावर काही ठेवायचं नाही. इपॉक्सी पुरता घट्ट व्हायला आठवडा लागतो म्हणून आधी वर्तमानपत्र अंथरलं आणि आठवडा उलटल्यावर चरे पडतील म्हणून ते तसंच राहिलं. काकू खाली बसून विळीवर भाजी चिरायला लागल्या. संगमरवर पाहुणे आले की तेवढा दिसायचा.

पुढे हळदीने प्रवेश केला. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण इपॉक्सी उन्हानेच पिवळा होतो. म्हणजे खिडकी उघडी ठेवली तर डाग जाणार आणि ओटा पिवळा पडणार. बंद ठेवली तर ओटा पांढरा राहणार आणि डागही राहणार. काकांनी यावर बराच विचार करून पडदा अर्धा ओढला. मग एका गडबडीच्या सकाळी कुकर खाली उतरला, थेट ओट्यावर. कुकरच्या आत सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमान असतं. घरगुती इपॉक्सी त्याच्या निम्म्यावरच मऊ पडायला लागतो. कुकर उचलला, तेव्हा खाली एक सुबक गोल उमटला होता. काकांनी पिसाने त्या गोलातून करड्या रेषा बाहेर ओढल्या. हल्ली ते पाहुण्यांना आधी तोच भाग दाखवतात.

कडप्प्याला जागच्या जागी पुन्हा पॉलिश करून मिळतं. मशीन घेऊन माणूस घरी येतो आणि ग्रॅनाइटच्या मानाने खर्च किरकोळ. काकांना हे ठाऊक होतं, पण त्यात मजुरी आहे. शिवाय काळ्या दगडावर हळद दिसत नाही, कुकर कुठेही टेकवता येतो आणि आपली काही तक्रार नाही, हे काकूंनी पहिल्याच रात्री सांगितलं होतं. ते अंदाजपत्रकात बसलं नाही.

भाड्याचं घर असेल, किंवा वर्षा-दोन वर्षांत ओटा बदलायचाच असेल, तर रंगवा खुशाल. फक्त कुकरसाठी जाड लाकडी पाट आधी घ्या, भाजी पाटावर चिरा आणि पावसाळा टाळा. आणि ब्रश हातात घेण्यापूर्वी त्या ओट्याशी रोज उभं कोण राहतं, त्याला विचारा. उभे राहणारे तुम्हीच असाल, तर आज रात्रीच ब्रश लपवून ठेवा.