साडेचारशे मिलिग्रॅम यांस खुले पत्र

श्री. ४५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या बढतीबद्दल अभिनंदन करायचे राहूनच गेले. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत, २००४ ते २०१६ या काळात उभ्या राहिलेल्या औष्णिक वीज संचांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा म्हणून आपण ३०० या नावाने रुजू झालात. मुदत दोन वर्षांची. चिमण्या काही आपल्यापर्यंत खाली आल्या नाहीत, तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये आपणच वर चढून त्यांना भेटलात. इतका मनमिळाऊ नियम विरळाच. आमच्या चंद्रपूरचे ८ आणि ९ क्रमांकाचे संच आपल्याच छत्रछायेखाली येतात, म्हणून ही आपुलकी.

अडचण अशी सांगितली गेली की संच पूर्ण भारावर असला तर ३०० जमते, भार उतरला की आकडा चढतो. नुसते बर्नर बदलून एवढेच होणार. त्यापुढे जायचे तर धूर ३०० ते ४०० अंशांवर असतानाच त्यात अमोनिया फवारायचा आणि उत्प्रेरकाच्या ठोकळ्यांतून न्यायचा. हे ठोकळे टायटॅनियम डायऑक्साइडचे, त्यांत व्हॅनेडियम नि टंगस्टन, आरपार काही मिलिमीटरची चौकोनी भोके. आत शिरतो नायट्रिक ऑक्साइड, बाहेर पडतात नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. ८०-९० टक्के घाण तिथल्या तिथे निकालात. जपान हे १९७० च्या दशकापासून करतो आहे.

पण आमची राख! भारतीय कोळशात ती ३० ते ४५ टक्के, वर खरखरीत. भोके बुजवते, ठोकळे झिजवते. तक्रार खोटी नाही. भोके मोठी ठेवता येतात, राख झटकायला वाफेचे झोत मारता येतात. पण राजपत्रातला आकडा बदलायला अमोनियाही लागत नाही.

गंमत पाहा. त्याच २०२० च्या मे महिन्यात, दूरच्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेचाच कोळसा पाठवण्याची अटही काढून टाकली गेली. म्हणजे राख फार म्हणून उत्प्रेरक नको, आणि राख कमी करा असेही कुणी म्हणू नये. दोन्ही फायली एकाच मंत्रालयातल्या. वाटेत त्यांची गाठ पडली नसावी.

कळावे, लोभ आहेच, तो छातीत साठतोही आहे.

आपला,
चिमणीखालचा एक रहिवासी

ता. क. २०१७ पासूनच्या संचांवर नेमलेले आपले धाकटे बंधू १०० कसे आहेत? नुसत्या बर्नरवर त्यांचे भागणार नाही. त्यांच्या बढतीची फाइल कुठवर आली, तेवढे कळवावे.