टेकूवर उभं भाडं

मुंबईत 1947च्या कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940च्या आकड्यावर गोठवलं. तात्पुरती सोय पन्नास वर्षं मुक्कामाला राहिली. तेवढ्या भाड्यात मालकाने जिना दुरुस्त करावा, अशी अपेक्षा. त्याने लाकडी टेकू लावला आणि भाड्यासाठी चाळ बांधणंच सोडलं; पागडी, म्हणजे खोलीच्या ताब्यासाठी घेतलेली एकरकमी रक्कम, तेवढी फोफावली. नियंत्रण नसतं तर भाडेकरू रस्त्यावर आले असते, हे खरंच. पण या दयेचा खर्च सरकारने मालकाच्या खिशातून केला, मालकाने तो इमारतीच्या तुळयांतून वसूल केला. 1999च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली: शंभराला चार रुपये, म्हणजे फार तर खिळे! आता बिल्डर जादा चटईक्षेत्रावर टॉवर चढवतो, भाडेकरूला फुकट मालकीचं घर देतो. जिथे वरचे मजले खपणार नाहीत, तिथे टेकूच.